न पडणारी राणी

तंजावुरात राहून मुलांसाठी मराठीत जादूच्या गोष्टी लिहायच्या, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. माझी पुस्तकं पुण्यात छापतात, तिकडचीच मुलं वाचतात. घरात मला श्रोता एकच: भावाची आठ वर्षांची मुलगी. तिला देवनागरी येत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र कायम तमिळमध्ये. तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. आपली भाषा या घरात माझ्याबरोबरच संपते की काय, अशी मला धास्ती वाटायची.

नव्या पुस्तकाची नायिका म्हणजे आमच्या गावची डुलणारी मातीची बाहुली. बूड गोल नि जड. कितीही ढकला, डुलून पुन्हा उभी. माझ्या गोष्टीत ती राणी होती, उडत्या म्हशीवर बसून सात आभाळं जिंकणारी. शेवटच्या पानावर मात्र चेटकीण फुंकर मारते आणि राणी पडते, ती कायमचीच. पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी आलं हो!" मग काय, दोन दिवस मी हवेत होते.

रविवारी सकाळी झोपाळ्यावर बसून मी पोरीला तो शेवट वाचून दाखवला. ती उठली, कपाटातली बाहुली आणून माझ्यापुढे ठेवली आणि तिला एक सणसणीत टपली मारली. बाहुली डुलली, डुलली, उभी राहिली.

"आत्ये, हें बोम्मै पडतच नाही! तुला कळत नाही कां? खोटें कां लिहिलेंस? उठव तिला!"

चार वाक्यं! चारही मराठीत! रागाच्या भरात तिच्या ते ध्यानातही आलं नाही. तिची आई तव्यावर डोसा तसाच टाकून धावत आली. मी वेड्यासारखी हसत होते, आणि झोपाळा असा झुलवला की कड्या करकरायला लागल्या.

"अजून ओरड," मी म्हटलं, "आणखी शिव्या घाल मला!"

ती आणखीच चिडली. मला इतका आनंद पुस्तक छापून आल्यावरही कधी झाला नव्हता.

राणीला तिथल्या तिथे उठवलं आणि पुण्याला फोन केला. संपादकबाई हळहळल्या. "अहो, आधीचा शेवटच जास्त चांगला होता."

"असेल," मी म्हणाले. "पण आज आमच्या घरात भांडण मराठीत झालं."