मावशीची येणारी शिफ्ट

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं कुरुळीतल्या आमच्या घराच्या पायरीवर मेथी निवडत होतो. हिचे हात भाजीत आणि तोंडात आयर्लंडची भाषा. तिची वही माझ्या मांडीवर. मी चौथी शिकलेला, पण तिनं सगळं मराठी अक्षरात लिहिलं होतं, म्हणून मला तपासता यायचं.

ही माझी बायको. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटण्यात तिचा जन्म गेला. तिथली पोरं मावशी म्हणायची, मग मीही मावशीच म्हणू लागलो.

मुलगा आयर्लंडला नोकरीला. नात ईरा तिथं शाळेत आयरिश शिकते, मराठीचे चार शब्द कसेबसे बोलते. दर रविवारी ती फोनवर क्रियापदं म्हणून दाखवायची. मावशीनं तीच पाठ करायला घेतली. "पोरीला आपल्याकडं येता येत न्हाई, तर मी जाते तिच्याकडं."

क्रियापदाच्या काळाला ती शिफ्ट म्हणायची. 'हानिग मे', मी आले, झालेली शिफ्ट. 'तागिम', येते, चालू शिफ्ट. 'त्युकी मे', येईन, येणारी शिफ्ट. ईराही तसंच म्हणायला लागली. तव्यावर चपाती टाकली की एक रूप, उलटली की दुसरं. वाफेत तिचं तोंड पुसट दिसायचं, रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायचे बंद व्हायचे, आणि वाटायचं, ही आत्ता इथं नाहीच. रूप अडलं की चपाती करपायची.

"कोण परीक्षा घेणारे तुझी?" मी म्हणायचो.

"ईरा. रविवारी. खावा गुमान."

कँटीनचा एक नियम तिनं घरातही पाळला. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. गॅसवर दूध असलं तर मला तिथं उभं केल्याशिवाय हलायची नाही.

त्या दिवशी ती 'आम्ही येऊ'ला अडली. मी वहीत बघून सांगायला लागलो.

"सांगू नका. उद्या पोरगीच सांगंल."

मेथी धुवायला आत गेली, ओट्यापाशी खाली बसली, ती परत उठली नाही. मला न सांगता जागा सोडली. त्याचा मला अजून राग आहे.

सकाळी दारात माणसं जमली होती. मुलाचा फोन आला, विमानतळावरून. मागं ईरा रडत होती. रडणाऱ्याशी काय बोलावं ते मला कळत नाही. मी पायरीवर बसलो, वही उघडली. "तिला दे," म्हणालो. "बोल बाळा. येणारी शिफ्ट."

ती हुंदके देत एकेक रूप म्हणत गेली, मी ओळीखाली बोट सरकवत गेलो. मावशी अडलेली ओळ आली, 'आम्ही येऊ'.

"त्युकीमीद, आजोबा."

"या," मी म्हणालो. "मी जागेवर आहे."