दिवे न लागलेला देखावा

गौरी जेवल्या त्या दुपारी कामशेतात आमच्या मंडळाच्या देखाव्याचे दिवे लागले नाहीत. असे प्रकार मंडळं लपवतात... पण हा लपवावासा वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी मंडळाचा उपाध्यक्ष. म्हणजे अध्यक्ष येईपर्यंत त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसू नये म्हणून तीवर बसणारा. अध्यक्ष अण्णा, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांना दरसाल पुण्याच्या वरताण देखावा हवा असतो, आणि खर्च कामशेतच्या मानाने.

यंदा दत्तू पुढे झाला. स्टेशनाजवळच्या टपरीत तो रेडिओ दुरुस्त करतो. त्याचं गाव पवनेच्या खोऱ्यात होतं... होतं. धरणाचं पाणी चढून आता दोन-तीन पावसाळे झाले.

त्यात धरण बांधताना हाच तिथे वायरमन होता. साइटवरचे दिवे याच्या हातचे. सरूमावशी, म्हणजे दत्तूची आई, एकदाच म्हणाली, "गावाच्या मयताला बत्ती धरलीस तू." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आंबीला लेकीकडे राहते. दत्तूने निरोप धाडायचा, आणि तिने तो ऐकून भाकरी थापत राहायचं...

म्हणून दत्तूने तिच्यासाठी गाव बांधलं.

मातीची घरं, देऊळ, पार. घराघरात टॉर्चचा बल्ब. जुन्या ग्रामोफोनच्या मोटरवर पत्र्याचा डबा फिरणार आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या एकेका घरात दिवा लावत जाणार. सोबत स्पूलच्या टेपवर गावाचे आवाज. गुरांच्या घंटा, कोंबडा, सरूमावशीच्या जात्यावरच्या ओव्या. धरणासाठी गाव उठायच्या आधी त्याने ते भरून ठेवले होते, तेही साइटवरच्या एका साहेबाचा टेपरेकॉर्डर मागून आणून. असे विनोद मला कधी सुचत नाहीत. ते आपले आपणच घडतात.

खरी करामत दाराशी होती. मंडपात शिरायला गावच्या घरासारखी चौकट, आणि तिचा उंबरा म्हणजे स्प्रिंगांवर बसवलेली फळी. तीवर पाय पडला की खालचा रिले, म्हणजे विजेचा खटका, टक्क करायचा आणि सगळं गाव जागं व्हायचं. "बटन दाबून न्हाई, मानूस आलं की गाव उजळाया पायजे," हा दत्तूचा हट्ट.

पहिले काही दिवस तोबा गर्दी. लोणावळ्याचे चिक्कीवाले आले, वडगावच्या कचेरीतले कारकून आले. सगळे उंबऱ्यावर उभे राहून माना उंचावून बघत होते, पोरं तर त्यावर नाचतच होती. "पुण्याने हात टेकले!" अण्णा जाहीर करून मोकळे झाले.

मग त्या दुपारी बुडालेल्या गावची माणसं ट्रकने आली. कुणी कुठे पांगलेली, दत्तूने गोळा केलेली. सर्वांत मागे लेकीचा हात धरून सरूमावशी. लेकीने तिला कसं राजी केलं, देव जाणे.

पुढे एक आबा होते. त्यांनी वहाणा काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उजवा पाय उचलून पलीकडे टाकला. मागचा तसाच. त्याच्या मागचा तसाच. बायका तशाच.

बोटांच्या भाराने स्प्रिंग हलत नाही... आणि पाय कुणी देईना.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. उंबऱ्यावर पाय देऊन घरात कोण शिरतं? आम्ही इतके दिवस तो तुडवला, कारण आम्हाला ती मंडपातली फळी होती. त्यांना ते दार वाटलं. दत्तूच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. स्वतः स्प्रिंगा बसवल्या की माणसाला स्प्रिंगाच दिसतात.

सगळी आत उभी राहिली. मंडपाच्या काळ्या कापडाच्या फटींतून येईल तेवढ्या उजेडात घरं जेमतेम दिसत होती. ना दिवा, ना आवाज.

"व्हय," आबा हळूच म्हणाले. "आता असंच आसंल तितं."

दत्तू चौकटीच्या आड, मशिनीजवळ, पांढराफटक. अण्णा माझ्या कानाशी लागले, "अहो, बिघाड झालाय. थांबा, मी उभा राहून दाखवतो!" आणि निघाले उंबऱ्याकडे.

तेवढ्यात सरूमावशी बोलली. "दिवं न्हाई लावलंस, लय बरं क्येलंस. मला वाटलं, लायटिंग करून तमाशा मांडला आसशील."

दत्तूने आईकडे पाहिलं, अण्णांच्या पायाकडे पाहिलं... आणि वाकून मशिनीची पिनच उपटली.

अण्णा उंबऱ्यावर चढले. जागच्या जागी दोनदा दाबून पाहिलं. ढिम्म.

"अवं भाऊ, उंबऱ्यावं काय हुबं ऱ्हाता? उतरा खाली!" एक बाई कडाडली. अण्णा उतरले. त्यांना कुठल्याही जागेवरून कुणी उतरवल्याचं माझ्या पाहण्यात हे पहिलंच.

सरूमावशी चौकटीआड गेली. दत्तूच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती वाळलास रं."

माणसं गेल्यावर मी विचारलं, "अरे, तुला तिच्या ओव्या तिला ऐकवायच्या होत्या ना?"

"ऐकवल्या तर दिवं व्हतं, ह्ये बी सांगावं लागंल," दत्तू म्हणाला, आणि घरांतले बल्ब काढू लागला.

आता तो दर रविवारी आंबीला जातो. आई बोलते, वाढते, रागावते. दिवे न लावणारा शहाणा लेक मिळाल्याचं तिला समाधान आहे. ज्याने तिच्यासाठी गावातला एकूण एक दिवा लावला होता, तो लेक मात्र तिला कधीच भेटणार नाही.