एक्सचेंज काकूंचं कनेक्शन

काकू दार उघडायच्या आधी बोलायच्या. बेल वाजली की आतून "बोला" एवढाच शब्द यायचा, स्वच्छ आणि किंचित लांबवलेला, आणि दारातला माणूस उगाचच नीट उभा राहायचा. सगळी नोकरी त्यांनी उल्हासनगरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून काढली होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचे ते दिवस. सुरतेचा कॉल मागणारे सिंधी कापडवाले त्यांना आवाजानं ओळखायचे, आणि काकूही त्यांना "साईं, लाइन बिझी आहे, जरा थांबा" असं दटावायच्या. निवृत्त होऊन त्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या, तरी सगळी बिल्डिंग त्यांना एक्सचेंज काकूच म्हणायची.

कुणाला नेट घ्यायचं असो, डिश बसवायची असो, की केबल ठेवायची की काढायची हा वाद असो, माणूस आधी काकूंकडे जायचा. त्यांची पद्धत ठरलेली होती. कंपनीचा सेल्समन रंगीत पत्रकं पसरून स्पीड, चॅनेल, ऑफर असं सगळं सांगत असताना काकू त्याला चहा द्यायच्या आणि त्याच्यासमोरच त्याच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावायच्या. प्रश्न एकच: बंद पडलं तर येणार कोण, आणि कुठून? "बदलापूर नेमकं कुठे आलं?" असं पलीकडून विचारलं गेलं की ती कंपनी बाद. एकदा एका मुलीनं सांगितलं की आमचा माणूस अंबरनाथहून येतो, पण रविवारी मिळणार नाही. काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "हिला ‘नाही’ म्हणता येतं. हिचं घ्या." आमच्या बिल्डिंगनं तिचंच घेतलं. आजही आमच्याकडे तेच आहे.

या सगळ्यात त्यांचे यजमान, म्हणजे तात्या, कधी पडायचे नाहीत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केलेलं. घरी आल्यावर त्यांना फक्त गाणी हवी असायची. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी सॅटेलाइट रेडिओ घेतला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत छोटीशी डिश, ती आभाळाकडे नेमकी वळवली की दिवसभर जुनी गाणी, मध्ये एक जाहिरात नाही. पुढे त्या कंपनीनं गाशा गुंडाळला. काकू रोज त्यांच्या नंबरवर फोन लावत राहिल्या. आधी कुणीतरी उचलून वाट बघा म्हणायचं, मग नुसती रिंग जायला लागली, मग तीही जाईना. काकूंनी तेव्हा तात्यांना सांगितलं, आता वाट बघू नका. तात्या तो मुका सेट पुसून पुन्हा जागेवर ठेवायचे. त्या काळात काकू स्वयंपाक करताना स्वतः गायला लागल्या. सुरात गायच्या असं नाही म्हणता येणार, पण तात्या ऐकत बसायचे.

मग तात्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मंदार तेव्हा नुकताच कॅनडाला गेला होता. घरासाठी काय घ्यायचं हा प्रश्न पहिल्यांदाच काकूंच्या स्वतःच्या दारात आला. मंदार फोनवर सारखा नेट घे म्हणायचा. मी म्हणायचे, माझा नवरा म्हणायचा, खालचा वॉचमनसुद्धा म्हणायचा. काकूंनी घेतली डिश. त्यावर गाण्याचं एक चॅनेल होतं आणि ते तात्यांच्या पलंगासमोर सकाळपासून लावलेलं असायचं. त्यांचा फोनही तो साधा, बटणांचा. साऱ्या बिल्डिंगला नेट निवडून देणारी बाई स्वतःच्या घरात ते येऊ देत नाही, याचं लोकांना हसू यायचं. वय झालं की माणूस हट्टी होतो, असं म्हणून सोडून द्यायचे.

एका रविवारी मला मंदारचा मेसेज आला. वैशाली, तुझ्या फोनवरून एकदा बाबांना दाखवशील का, आई काही नेट घेत नाही. मी फोन घेऊन समोर गेले आणि काकूंना तसं सांगितलं. त्यांनी गरम पाणी आणलं, तात्यांची दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि त्यांना उशांच्या आधारानं खिडकीकडे असं बसवलं की चेहऱ्याची बरी बाजू माझ्याकडे येईल. मग दोन पावलं मागे सरून त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तात्यांची मान हळूहळू कलली आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. काकूंनी पदरानं ती पुसली, मान सरळ केली. ती पुन्हा कलली.

"नको लावूस," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मंदारला त्यांनी सांगितलं होतं की बाबा आता काठी घेऊन चालतात, थोडं थोडं बोलतात, फोनवर बोलायला तेवढे लाजतात. त्याचे तिथे कायम राहण्याचे कागद अजून पक्के व्हायचे होते. खरं कळलं असतं तर तो सगळं टाकून आला असता आणि मग परत जाणं अवघड होतं. तात्यांनी आजारी पडण्याआधी काकूंकडून शब्द घेतला होता की काही झालं तरी पोराला मागे खेचायचं नाही.

"आवाज माझ्या ताब्यात आहे गं," काकू म्हणाल्या. "यांचा चेहरा नाही."

मी मंदारला कळवलं की आज जमलं नाही. काय करायचं ते काकूंनीच ठरवायचं होतं, आणि त्यांना चार-पाच दिवस लागले. मग एके सकाळी मी ऑफिसला निघाले असताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि आमच्याकडे जे नेट आहे तेच जोडून द्यायला सांगितलं. मंदारनं पाठवलेला पण डब्यातच पडून असलेला फोनही काढून ठेवला होता. जोडणी झाली त्या संध्याकाळी त्यांनी तात्यांना नटवलं नाही. पलंगावर होते तसेच दाखवले. मंदार पडद्याच्या जवळ सरकला. काकूंनी बोलायला सुरुवात केली, त्या आवाजात मी पहिल्यांदा कंप ऐकला.

"आई, मला माहीत होतं," मंदार म्हणाला. "तू बाबांचं सांगताना फार स्पष्ट बोलायचीस. ऑफिसातल्यासारखी."

काकू खाली बसल्या. तात्या पडद्यावरच्या मुलाकडे बघत होते आणि त्यांचा डावा हात चादरीवर हलत होता.

त्यानंतर ते कनेक्शन कधी रिकामं राहिलं नाही. मंदार कामावर जायच्या आधी तिथल्या सकाळी फोन लावायचा, आपल्याकडे दिवेलागण झालेली असायची. तो डबा भरता भरता दिवसभराचं सांगायचा. तात्या नुसतं बघायचे, आणि काकू त्या अर्ध्या तासात डिशचं चॅनेल बंद ठेवायच्या. तात्यांना दिलेला शब्द काकूंनी त्याला सांगितला होता, म्हणून तो थांबला आणि कागद झाले तसा आला. वडिलांची दाढी त्यानं रोज स्वतः केली. तो असतानाच, एका दुपारी, तात्या गेले.

काकूंना एकटं ठेवायला तो तयार नव्हता आणि त्याचं चुकलंही नव्हतं. त्याच्याबरोबर कॅनडाला जाताना काकूंनी सगळ्यांच्या घरी जाऊन निरोप घेतला. माझ्याकडे आल्या तेव्हा मात्र निघवेना. चहा झाला, निघते म्हणून उठल्या, पुन्हा बसल्या. मला म्हणाल्या, "तिथे सगळं चांगलं आहे म्हणतो. पण दार वाजवणार कोण गं?"

आता समोरच्या घरात भाडेकरू आहेत. काकू रविवारी मला व्हिडिओ फोन करतात. पहिल्या पहिल्यांदा खूप बोलायच्या: बर्फ, मंदारचं घर, भाजी कशी बेचव लागते. हल्ली तेवढं बोलत नाहीत. तब्येत विचारून झाली की बाल्कनीत जा म्हणतात. मी फोन रस्त्याकडे वळवून धरते. रिक्षा, मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणारी भाजीवाली, गेटाशी गप्पा मारत उभ्या बायका, इमारतींमागे डोंगराची निळी कड. एकदा मी, कोण कुठे नवीन राहायला आलंय ते सांगायला लागले, तर त्यांनी मला अडवलं.

"थोडा वेळ बोलू नकोस," म्हणाल्या. "बघू दे नुसतं."

मी हात कठड्यावर टेकवते आणि फोन तसाच धरून उभी राहते.