शेषराव उमाळेंची चालू लाइन

शेषराव उमाळे रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते स्टेशनमास्तर ठरवत, आणि लोखंडी दांडा ओढून रूळ त्या बाजूला वळवायचं काम शेषरावांचं. अकोल्याहून खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज लाइनवर त्यांनी चौतीस वर्षं काढली. घर हिवरखेडचं, माळ्याचं. धाकट्या भावानं, डोमाजीनं, मळा सांभाळला, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात नेली. थोरल्यानं झेंडी धरली. लहान स्टेशनांवर दिवसाला मोजक्या गाड्या, मधल्या वेळात बोलायला कोणी नाही, त्यामुळे शेषरावांना न बोलण्याची सवयच लागून गेली होती.

पुढे लाइन रुंद करायची म्हणून छोटी गाडी बंद झाली आणि थोड्याच महिन्यांत शेषराव निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या बायकोच्या, जमुनाबाईंच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगी आरती तेव्हा अमरावतीत बँकेत होती, म्हणून नवराबायको तिथल्या राजापेठेत येऊन राहिले. खाली ट्यूशन क्लास, वर यांच्या दोन खोल्या.

आरतीनं पाहिलं की बाबा दिवसभर खिडकीत उभे राहतात. रस्त्यावरच्या गाड्या पाहतात आणि काही बोलत नाहीत. तिनं एक कॉम्प्युटर आणला आणि सोबत रेल्वेचा एक गेम. त्यात कोरी जमीन मिळायची. डोंगर उभारा, नदी सोडा, रूळ टाका, स्टेशनं बांधा, मग त्यावरून गाडी चालवा. दोन दुकानं सोडून पौर्णिमाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं तो गेम लावून दिला. सीलबंद डबी पाहून तिला नवल वाटलं.

"वरिजनल घेतला काका? इथं तं सारे चोरीचाच टाकून मागतात."

"आपल्याले चोरीचं काय करायचं," शेषराव म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या पुतण्यालाही बिनतिकिटाचं बसू दिलं नव्हतं.

दोन महिन्यांत ते शिकले, आणि शिकल्यावर त्यांनी दुसरं काही बांधलंच नाही. आपलीच लाइन बांधली. आकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड. कोणता सांधा कुठे, कोणत्या सिग्नलचा खांब किंचित तिरपा, सगळं डोक्यात होतं. धूळघाटजवळ रूळ डोंगराला गोल वळसा घालून स्वतःच्याच वरून जातात. तो वळसा बसवायला त्यांना तीन आठवडे लागले. चढ जरा जास्त झाला की इंजिन अर्ध्यात थांबायचं.

जमुनाबाई डायलिसिसहून आल्या की शेजारच्या खुर्चीत बसत. रुळांत त्यांना रस नव्हता.

"स्टेशन बांधलं, पण मानसं कुठी हायेत?" एकदा त्या म्हणाल्या. "गाडी कोनासाठी थांबून राह्यली?"

गेममध्ये माणसं ठेवता येत होती. झाडं, बाकडी, नळ, जनावरं, सगळंच. जमुनाबाईंनी माउस धरला आणि त्या ते काम करू लागल्या. शेषराव तेवढ्या वेळात चहा टाकायला उठत. परत येत तेव्हा फलाटावर दोन बाया वाढलेल्या असत, कडूनिंबाखाली एक बकरी बांधलेली असे. शेषराव बरं म्हणत आणि गाडी सोडत.

तिसऱ्या वर्षी जमुनाबाई गेल्या. आरतीची बदली अकोल्याला झाली आणि ती नवऱ्यासोबत, कुंदनसोबत, तिकडे निघाली. ती म्हणाली, "बाबा, चला माह्याकडं." शेषराव म्हणाले, "येतो." आणि गेले नाहीत. सकाळी वरणभात टाकायचा, जेवायचं आणि गेम सुरू करायचा. संध्याकाळपर्यंत गाड्या वेळापत्रकाप्रमाणे जाऊ द्यायच्या. हिवरखेडला गाडी थांबली की ते खुर्ची जरा पुढे ओढत.

एक त्रास पहिल्यापासून होता. गेम उघडला की आधी पडद्यावर एक चक्र फिरायचं. हा गेम विकत घेतलेलाच आहे ना, हे तो इंटरनेटवरून कंपनीला विचारायचा. तिकडून होकार आला की पुढे जायचा. नेट नसलं की नाही. एकदा शहरात गडबड होऊन काही दिवस नेट बंद होतं तेव्हा शेषराव त्या चक्रासमोर बसून राहिले होते.

"मी एकटाच खेळतो," त्यांनी पौर्णिमाला विचारलं, "मंग त्याले नेट काहून लागते?"

"चोरी होऊ नये म्हनून, काका."

"पन मी तं घेतला हाय."

"ज्यानं घेतला त्यालेच विचारते तो. चोरीच्या गेममंधून हे इचारनंच काढून टाकलेलं असते. तो नेटबिगर चालते."

शेषरावांना हे काही नीट पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. नियम असतो तो असतो, असं त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. शेषरावांनी ती कागदावर अक्षर अक्षर उतरवून घेतली आणि पौर्णिमाकडे नेली. तिनं वाचली आणि जरा वेळ कागद हातातच धरला.

"काका, हा गेम जुना झाला म्हनते कंपनी. डिसेंबरच्या एकतीस तारखेले ते विचारायचं मशीन बंद करून राह्यले."

"मंग?"

"मंग तुमचा गेम विचारीन, आन् तिकून कोनी उत्तर देनार नाई. उघडनार नाई तो."

तिनं दुसरा उपाय सांगितला. त्याच गेमची फोडलेली, म्हणजे ते विचारणं काढलेली, प्रत ती कॉम्प्युटरवर टाकून देऊ शकत होती. शेषरावांनी नकारार्थी मान हलवली, पण दोन दिवसांनी स्वतःच परत आले आणि पाहू म्हणाले. पौर्णिमानं आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. फोडलेला गेम क्षणात उघडला. पण शेषरावांची लाइन त्यात येईना. जे बांधलं ते सगळं गेमनं कुलपात ठेवलं होतं आणि किल्ली प्रत्येक वेळी कंपनीकडूनच यायची.

आरतीनं कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर दुसऱ्याच मिनिटाला आलं. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार मानले होते आणि नवा गेम निघाल्याचं कळवलं होतं. जुनी बांधकामं त्यात आणता येणार नव्हती.

मग पौर्णिमालाच एक गोष्ट सुचली. विचारणं फक्त गेम उघडताना होतं. एकदा उघडला की तो पुन्हा विचारत नाही.

"म्हनजे बंदच नाई केला तं?" शेषराव म्हणाले.

"तं चालत राहीन. पन काका, असं किती दिवस ठेवसान? त्यापेक्षा पडद्याचे फोटो तं काढून ठेवा."

एकतीस तारखेला सकाळी शेषरावांनी गेम उघडला. चक्र फिरलं, होकार आला. त्यांनी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला. फोटो काढायचे राहिले. चालू आहे ना, मग फोटो कशाला, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं कमी होत गेलं. आधी सकाळचं फिरणं थांबलं. मग भाजी आणायलाही ते लाइट असतानाच उतरत, आणि लाइट गेली की पिशवी तशीच घेऊन वर धावत. आकोटला चुलत पुतणीचं, करिश्माचं, लग्न होतं. पाय दुखतात म्हणून ते गेले नाहीत. शेजारच्या वाड्यातल्या वामनरावांचं पत्ते खेळायला बोलावणं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा वामनरावांनी बोलावलं नाही. घरात दिवसरात्र कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर आणि मधून गाडीची शिटी. शेषरावांच्या लक्षात आलं की आपण चार दिवस कोणाशी एक शब्द बोललो नाही. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

डोमाजी हिवरखेडहून वांग्यांची पिशवी घेऊन आला. लग्नाला का आला नाहीस, हे त्याला विचारायचं होतं. जिना चढून आला तेव्हा थोरला भाऊ खुर्चीत पाय हलवत बसलेला. पाय दुखत नव्हते हे त्यानं लगेच ओळखलं.

शेषरावांनी त्याला सगळं सांगितलं. डोमाजी पडद्याकडे पाहत राहिला. हिवरखेडचं स्टेशन त्यानं ओळखलं.

"दादा, तिथं आता काईच नाई. जुने रूळ उचलले त्याईनं. तू कायची ड्युटी करून राह्यला?"

"तिथं नाई म्हनूनच," शेषराव म्हणाले.

डोमाजीनं चहा घेतला, वांगी ओट्यावर ठेवली. मुक्काम न करता चारच्या गाडीनं निघाला. जाताना म्हणाला, "वयनी असती तं हे बंद करून तुले लग्नाले घेऊन आली असती." शेषरावांनी ओट्यावरची वांगी टोपलीत काढली. त्यांना माहीत होतं की ते खरं आहे.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी आरतीचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा, पोटात लय दुखून राह्यलं. दवाखान्यात आली मी. अपेंडिक्स हाय म्हनतात, आजच काढा लागते. कुंदन साइटवर हाय, त्याले याले उद्याची सकाळ होईन. सही कराले कोनी पायजे."

शेषरावांची नजर पडद्यावर होती. राजापेठेत सकाळपासून लाइट येत-जात होती आणि इन्व्हर्टर अर्ध्यावर आला होता.

"मी उद्या सकाळी आलो तं चालते का, बाई?" त्यांनी विचारलं.

आरतीनं पलीकडे कोणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "चालते, बाबा. पाह्यतो मी कोनाले."

फोन ठेवल्यावर ते बसून राहिले. आपण काय विचारलं हे त्यांना हळूहळू कळत गेलं. जमुनाबाईंच्या वेळी रात्री-अपरात्री डॉक्टरकडे धावणारी हीच मुलगी. ते उठले, शर्ट बदलला, किल्ली पौर्णिमाकडे टाकली आणि लाइटकडे लक्ष ठेव म्हणाले. बसस्टँडला अकोल्याची गाडी लागलेलीच होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा आरतीला आत न्यायची तयारी चालली होती. सही तिच्या बँकेतल्या भावना नावाच्या मैत्रिणीनं केली होती. आरतीनं वडिलांकडे पाहिलं आणि फक्त म्हणाली, "आले का?" शेषराव बाकावर बसून राहिले. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी कुंदन आला, तरी शेषराव पाच दिवस राहिले. लेकीला मऊ भात करून दिला. फोनवरच्या त्या बोलण्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. एकदा त्यांनी विषय काढायचा प्रयत्न केला तेव्हा आरती म्हणाली, "राहू द्या ना, बाबा." ते त्यांना रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

परत आले तेव्हा पौर्णिमा दुकानाच्या दारातच उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट पाच तास गेली होती. तिनं वर जाऊन पाहिलं तेव्हा इन्व्हर्टर संपला होता.

वर जाऊन शेषरावांनी कॉम्प्युटर लावला. चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं. मग एक ओळ आली. ही प्रत खरी आहे याची खात्री करता येत नाही, असा तिचा अर्थ पौर्णिमानं सांगितला.

"खरी नाई म्हनते?"

"तसं नाई, काका. खात्री होत नाई म्हनते."

शेषराव हसल्यासारखं करून म्हणाले, "ज्यानं चोरला त्याचा चालते. माहा नाई चालत. मी कोनाचं काय घेतलं होतं?"

पौर्णिमा जिना उतरून दुकानात गेली. आठ दिवसांनी तिनं न विचारता फोडलेली प्रत आणून टाकली आणि शेषरावांनी तिला थांबवलं नाही. गेम लगेच उघडला. समोर कोरी हिरवी जमीन.

फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. आकोट चार दिवसांत उभं राहिलं. अडगावही. रूळ, सांधे, सिग्नल, काहीच विसरलेलं नव्हतं. हिवरखेडचा फलाट बांधून झाला आणि तिथे हात थांबला. बाया कुठे उभ्या होत्या, एक बसलेली होती की दोन्ही उभ्या, नळ या टोकाला की त्या, त्यांना सांगता येईना. आपलं सगळं त्यांना पाठ होतं. जमुनाबाई जे मांडत होत्या ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांनी एक बाई ठेवून पाहिली, ती चुकीची वाटली म्हणून काढली. दुसरीकडे ठेवली, तीही काढली.

हिवरखेडच्या पुढे त्यांनी लाइन नेली नाही. धूळघाटचा वळसा बांधला नाही.

आता महिन्यातून एकदा ते अकोल्याला जातात. आरती स्टँडवर घ्यायला येते. दोघं स्कूटीवर फारसं न बोलता घरी जातात. दोन दिवस राहून ते परत येतात, कुलूप काढतात, खिडकी उघडतात. खाली क्लास सुटलेला असतो, गाड्यांची गर्दी असते. कॉम्प्युटरवर त्यांनी एक जुनी उशीची खोळ घालून ठेवली आहे. कधी ती काढतात, कधी आठवडाभर नाही. वामनरावांकडे एकदा स्वतःहून जायचं त्यांच्या मनात आहे, पण तिकडचा दरवाजा वाजवून काय म्हणायचं ते अजून त्यांना सुचलेलं नाही.