ताइस्या पेत्रोव्नाचं बाहेरचं जेवण

ताइस्या पेत्रोव्ना ब्रायटन बीचवर सतरा वर्षं राहत होती, पण समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर जे जुनं रशियन रेस्टॉरंट आहे, तिथे ती एकदाही बसून जेवली नव्हती. समोरून मात्र रोज जायची, कुणा ना कुणा म्हाताऱ्याची चाकांची खुर्ची ढकलत.

देश सोडून इथे आली तेव्हा ती शेहेचाळीसची होती. त्याआधी रशियात कोस्त्रोमाच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. नवरा दारूपायी गेला, शाळेतले पगार कधी व्हायचे कधी नाहीत, म्हणून दोन वर्षं जाऊन येते असं मुलीला सांगून निघाली. दोनाची सतरा कशी झाली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. मुलगी तिकडेच राहिली, नातू फोनच्या पडद्यावर मोठा झाला. इथे तिनं म्हातारी माणसं सांभाळली. अंघोळी घातल्या, गोळ्या दिल्या, रागलोभ सोसले आणि सहा जणांना शेवटपर्यंत पोचवलं. सातवे नाउम बोरिसोविच.

नाउम बोरिसोविच एकोणनव्वद वर्षांचे. लेनिनग्राडला पुलांचे इंजिनियर होते. झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती, गिळायचा त्रास होता, त्यामुळे डॉक्टरनं सगळं जेवण वाटून, गाळून द्यायला सांगितलं होतं. जीभ तेवढी शाबूत राहिली होती, आणि तिची धारही.

"ताइस्या पेत्रोव्ना, हे काय आहे?"

"भोपळा."

"आणि काल?"

"काल गाजर होतं."

"रंग तर तोच. असला गिलावा घेऊन कुणी माझ्या पुलावर आला असता, तर मी त्याला नदीत ढकलला असता."

"ढकला नंतर. आधी तोंड उघडा."

असं दोघांचं चालायचं. दिवसभर ती त्यांच्याकडे असायची आणि आठवड्यातल्या चार रात्री आणखी एका आजीबाईंकडे. त्या आजीबाई रात्री दर तासाला उठून दाराची कडी बघायच्या, म्हणून ताइस्यालाही उठावं लागायचं. सकाळी ती तशीच नाउम बोरिसोविचांकडे यायची. आपण थकलोय असं तिला हल्ली वाटतही नसे. पाय जड असतात, डोळ्यांत वाळू असते, ते आता तिच्या अंगाचंच झालं होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी ती आली, तर म्हातारा अंथरुणात बसून वाट बघत होता.

"आज बेर्ताचा वाढदिवस," ते म्हणाले. बेर्ता म्हणजे त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झालेली. "एकतीस वर्षं आम्ही या दिवशी त्या समुद्रावरच्या रेस्टॉरंटात जेवलो. खिडकीजवळच्या टेबलावर."

"तुमचे चिरंजीव ग्रिशा काय म्हणाले होते ते आठवतंय ना? घास अडकला तर?"

"मी जेवणारच नाही. नुसता बसेन. वास घ्यायला डॉक्टरची बंदी आहे का?"

आदल्या रात्री आजीबाईंनी कडी अकरा वेळा बघितली होती. वाद घालायचा तर उभं राहून बोलावं लागणार, समजूत काढावी लागणार, मग ते रुसणार, मग दुपारचं जेवण थुंकणार. त्यापेक्षा हो म्हणण्यात श्रम कमी होते. तिनं त्यांना पांढरा सदरा घातला, टाय बांधला आणि खुर्ची लिफ्टकडे वळवली.

दुपारचा दीड वाजला होता. रेस्टॉरंटात एका कोपऱ्यात तीन बायका कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी करत होत्या, बाकी टेबलं रिकामी. खिडकीबाहेर राखाडी समुद्र आणि खिडकीखाली तापलेला हीटर. वाढणारी गाल्या गुटगुटीत, बडबडी. तिनं म्हाताऱ्यांना लगेच ओळखलं.

"अरे देवा, आजोबा! मला वाटलं तुम्ही आम्हाला सोडून दुसरीकडे जेवायला लागलात!"

"लागलोय. भोपळ्याच्या हॉटेलात," नाउम बोरिसोविच म्हणाले. "लिही. हेरिंग मासा, वर बीट आणि अंड्याचा जाड कोट घातलेला. मटणाची थंड जेली, झणझणीत मुळ्यासकट. बिटाचं गरम बोर्श, आंबट साय वेगळी. खिमा भरलेले पेलमेनी, लोण्यातले. काळा पाव. आणि व्होडका शंभर ग्रॅम."

"इतकं सगळं कुणाला?" ताइस्या म्हणाली.

"तुम्हाला."

"मी कामावर आहे, नाउम बोरिसोविच."

"मग हेच आजचं काम. तुम्ही खा आणि मला सांगा. व्होडका बेर्ताची, तिला कुणी हात लावायचा नाही."

ताइस्यानं घास घेतला. सतरा वर्षं ती स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभ्या उभ्या जेवली होती, बहुतेक वेळा कुणाच्या तरी ताटातलं उरलेलं. आणि आज भरलेलं ताट कुणीतरी समोर आणून ठेवलं होतं, वर पाणी हवं का असंही विचारलं होतं. हातांचं काय करावं हेच तिला कळेना. दोनदा तिनं उगाच टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

"कण सोडा. जेलीत मीठ कसं आहे?"

"बेताचं."

"बेर्ताला नेहमी कमी वाटायचं. आणि मुळा?"

"नाकात गेला." तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. म्हातारा खूश झाला.

मग बोर्श आलं. ते बोलत राहिले. बेर्ता कशी पहिल्याच भेटीत त्यांना म्हणाली होती की तुमच्या पुलाचा नकाशा वाकडा दिसतोय, आणि तो खरंच कसा वाकडा निघाला. पोटात गरम सार, पायाशी गरम हीटर, कानाशी त्यांचा एकसुरी आवाज. तिनं चमचा बशीत ठेवला. डोळे क्षणभर मिटावेत आणि मग पेलमेनीकडे वळावं, असा तिचा विचार होता.

जाग आली तेव्हा गाल टेबलावर होता आणि गालाखाली त्यांचा मफलर. खिडकीतला उजेड पार तिरपा झाला होता. तिनं मान वर केली. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत लाल लाल!

"नाउम बोरिसोविच!"

"ओरडू नका, बीट आहे," ते म्हणाले. त्यांच्या डाव्या हातात चमचा होता आणि पुढ्यात रिकामी वाटी. "गाल्यानं गाळून दिलं. एक ठसकासुद्धा लागला नाही."

"किती वेळ झोपले मी?"

"तास आणि वीस मिनिटं."

"उठवायचं नाही का?"

"कशाला? तुम्हाला कुठं गाडी पकडायची होती?"

तेव्हा तिला दिसलं, की दाराजवळ संध्याकाळच्या कार्यक्रमाचा अकॉर्डियनवाला आपलं वाद्य मांडीवर घेऊन मुकाट बसला होता. कोपऱ्यातल्या बायका कुजबुजत होत्या. गाल्या ताट उचलायला आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आजोबांनी आमची सगळ्यांची वाचा बंद केली. याला सूर लावू देईनात. त्या बाईंनी केकवरची मेणबत्ती फुंकली, टाळ्या वाजवू म्हणाल्या, तर तिकडून बोट दाखवलं, खबरदार म्हणून."

ताइस्याला हसू आलं नाही. तिला फार लाज वाटली. चटकन उठून तिनं खुर्ची मागे ओढली आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली. त्यांची पँट ओली होती. तिला उठवावं लागू नये म्हणून ते तसेच बसून राहिले होते.

दोघांची नजरानजर झाली. ते समुद्राकडे बघू लागले. "काही बोलू नका," ते म्हणाले.

अंगातला स्वेटर काढून तिनं त्यांच्या मांड्यांवर पसरला, कडेनं नीट खोचला आणि खुर्ची दाराकडे वळवली. पेलमेनी गाल्यानं डब्यात भरून दिले.

घरी पोचली, तर दारात ग्रिशा उभा. म्हाताऱ्यांचा मुलगा, साठीला आलेला, पोटावर कोटाची बटणं न लागणारा. सहा वेळा फोन करून कुणी उचलला नाही म्हणून न्यू जर्सीहून गाडी हाकत आला होता. वडिलांच्या सदऱ्याकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बीट आहे," ताइस्या म्हणाली. आणि लपवता आलं असतं तरी पुढे म्हणाली, "मी तिथं झोपले. तास आणि वीस मिनिटं. ते एकटेच होते."

"खोटं बोलतेय!" खुर्चीतून म्हातारा गरजला. "मी तिला झोपवलं!"

"बाबा, तुम्ही गप्प बसा!"

तिनं आधी म्हाताऱ्यांना धुतलं, कपडे बदलले, आडवं केलं. ती बाहेर आली तेव्हा ग्रिशा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर डोकं धरून बसला होता. आता हा माझ्या एजन्सीला फोन करून मला काढायला लावणार, असं ती समजून चालली होती. त्यानं विचारलं, "शेवटचं नीट कधी झोपला होतात?"

तिनं आठवून बघितलं. उन्हाळ्यापर्यंत मागे गेली. मग तिनं नाद सोडला.

"रात्रीचं काम सोडा," तो म्हणाला, "नाहीतर हे सोडा. दोन्ही चालणार नाही. माझा बाप आहे तो."

तिला राग आला. या माणसाला महिन्यातून एकदा बाप आठवतो, आणि हा मला शिकवणार! पण राग धरून ठेवायलाही जोर लागतो. त्या रात्री ती आजीबाईंकडे गेली, नऊ वेळा त्यांच्याबरोबर कडीसाठी उठली, आणि सकाळी तिनं त्यांच्या मुलीला सांगून टाकलं की महिनाअखेरीपर्यंत दुसरी बाई बघा.

त्यानं सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पहिला आठवडाभर तिला झोपच लागेना. रात्री आपोआप दर तासाला जाग यायची आणि ती उठून स्वतःच्याच दाराची कडी बघायची. कोस्त्रोमाला पाठवायची पार्सलं कमी झाली, तशी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू बदललीस हं." ताइस्या म्हणाली, "हो गं, बदलले," आणि फोन ठेवून झोपली.

नाउम बोरिसोविच आणखी चौदा महिने जगले. नंतर नंतर ते अंथरुणातून उठत नव्हते आणि तिला बेर्ता म्हणून हाक मारायचे. ती ओ द्यायची. ते गेले त्या सकाळी ग्रिशा पोचायला दोन तास लागले, तेवढा वेळ ती त्यांचा डावा हात धरून बसली.

एजन्सीनं पुढच्या सोमवारी तिला नवा पत्ता दिला. सहाव्या मजल्यावरच्या एक विधवा बाई, अजिबात न बोलणाऱ्या. ताइस्याला पहिले काही दिवस घर फार शांत वाटलं.