बाई मंद्रूपला गेल्या तेव्हा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डॉ. सुभद्राबाईंनी माझे पहिले मिक्स्चर हुंगले आणि मोरीत ओतले. दुसरेही ओतले. तिसऱ्या वेळी मी तोंडावर म्हणालो, "नोकरी द्यायची नसेल तर तसं सांगा!"

"नोकरी आहे. औषध अजून झालेलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

याच बाई पुढे माझ्या पत्नीच्या अवघड बाळंतपणात दीड दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात शोभतील असेच प्रसंग लिहा, असे गौरवसमितीच्या चिटणीसांनी मला बजावले आहे. मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "विनायकराव, मंद्रूपचं गाळणार असाल तर लिहूच नका." तेव्हा चिटणीसांनी मला क्षमा करावी.

प्लेगचा हिवाळा होता. निम्मे गाव माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले होते. तिथल्या छावणीत रोगी ढीगभर आणि बघणारे आम्ही दोघे, बाई आणि मी. दीड महिना एका दिवसाचीही उसंत नव्हती. बाई उभ्या उभ्याच दोन घास खात.

एका सकाळी त्या एका विणकराची नाडी धरून मोजत होत्या. मोजतच राहिल्या. मी हळूच म्हणालो, "बाई, तो गेला."

"माहीत आहे. पण मला काहीच वाटलं नाही हो, विनायकराव. काहीच नाही."

त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि सरळ बाहेर चालू लागल्या. दारात जवळच्या मंद्रूप गावच्या म्हाळसाबाई धनगरीण दूध घेऊन आल्या होत्या. त्यांचा नवरा आमच्याच छावणीत बरा झाला होता. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिले, हाताला धरले आणि आपल्या बैलगाडीत बसवले.

माझे टाळके सरकले. लस टोचून घ्यायला आलेली रांग बघत होती, तिच्यासमोर मी ओरडलो, "पळपुट्या आहात तुम्ही! आता जो मरेल तो तुमच्या माथी!"

बाईंनी मानही वळवली नाही. म्हाळसाबाईच म्हणाल्या, "वराडू नगा वो. बाईंच्या डोळ्यात जीव ऱ्हायला न्हाय, दिसंना व्हय तुमास्नी? लई दमल्यात की!"

बाई तीन दिवस आल्या नाहीत. शहरातले एक डॉक्टर तासभर येऊन जात, बाकी मी एकटा. चार माणसे दगावली. त्यांची नावे मी कागदावर लिहून ठेवली, बाईंच्या तोंडावर फेकायला. त्या परतल्या तेव्हा कागद पुढे केला. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचले आणि हमसून हमसून रडल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग पदराने डोळे पुसून विचारले, "आता कुणाला बघायचं?"

त्या दिवशी त्यांनी नियम केला की, दर आठ दिवसांनी प्रत्येकाने दोन दिवस छावणीबाहेर जायचे. मी म्हणालो, "मला नको असली थेरं."

पुढच्याच आठवड्यात एका म्हातारीला मी औषधाचा पेला दिला. ती तोंडाला लावणार, तोच बाईंनी झडप घालून तो हिसकावला. हुंगला. पेल्यात फिनेल होते. माझ्या हाताने ओतलेले! बाईंनी पेला ओतून टाकला, म्हातारीला नीट औषध दिले आणि मला एवढेच म्हणाल्या, "म्हाळसाबाईंची गाडी दारात आहे. जा."

गेलो. म्हाळसाबाईंनी भाकरी वाढली, काही विचारले नाही. दोन दिवस मी त्यांच्या ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरे हाकली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई बी हितंच बसल्या हुत्या. तुमच्यासारक्याच, गप." मग मला रडू आवरेना.

फिनेलची गोष्ट बाईंनी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज मीच सांगतो आहे. आणि "पळपुट्या" हा शब्द मी भर रांगेसमोर उच्चारला होता, पण तो मागे घ्यायला इतकी वर्षे एकांतातसुद्धा माझी जीभ रेटली नाही. आज अख्ख्या सोलापूरसमोर मागे घेतो. बाई, मी चुकलो.

तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, आणि ते धडधाकट शरीराने व भरल्या मनाने लाभो. ज्वारी हुरड्यात आली की मंद्रूपला चला. गाडी या वेळी मी हाकतो.