शुक्रवारी पश्चिमेकडे

पृथ्वीप्रदक्षिणेचे तिकीट मिळते, हे मला सत्तरी उलटल्यावर चिरंजीवांकडून कळले. ते सिडनीला, कन्या अमेरिकेत आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण लंडनला. तिघांकडे तीन वेगळ्या फेऱ्या करण्यापेक्षा एकाच तिकिटात सगळी पृथ्वी फिरून या, पुष्कळ स्वस्त पडेल, असा त्यांचा सल्ला. नियम एकच: पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जात राहायचे, पश्चिमेला तर पश्चिमेलाच, मागे फिरायचे नाही. प्रदक्षिणेत आपण मागे फिरतो कुठे? विमान कंपन्यांच्या ठायी इतकी धर्मबुद्धी असेल, असे मला वाटले नव्हते.

"बाबा, कोलंबोहून सुरुवात केलीत तर आणखी स्वस्त," चिरंजीव फोनवर म्हणाले.

"लंकेहून निघून कोणाचं भलं झालंय?" पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले.

"प्रभूंचं झालं," मी म्हणालो. "आणि तेही विमानानेच."

पण कोलंबोपर्यंतचे भाडे मिळवताच ती बचत विरली, म्हणून मुंबईच ठरली. पुढे तीन आठवडे मी पंचांग घेऊन बसलो. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जाऊ नये, त्या दिशेला शूळ असतो. ते वार टाळून मी सिडनी, अमेरिका आणि शेवटी लंडन असा मार्ग आखला व कोथरूडच्या ट्रॅव्हल ऑफिसात नेला. तिथल्या बाईंनी कागद कौतुकाने पाहिला.

"काका, मंगळवार-बुधवार स्वस्तच असतात. तुमचं पंचांग आमच्या फार कामाचं आहे."

मी प्रसन्न होऊन कसब्यात परतलो. पत्नी मंडईतून आणलेली गवार मोडत होती. तिला सारा मार्ग वाचून दाखवला.

"लंडन कधी?"

"शेवटी. चौथ्या महिन्यात."

तिचे हात थांबले नाहीत. "ताई ब्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यापासून तिला जिना चढवत नाही. आणखी तीन महिने थांब, असं तिला तुम्हीच सांगा. चांगला वार बघून सांगा."

तीन आठवडे मी ग्रहनक्षत्रांना सगळे विचारले होते. हिला मात्र एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोथरूड गाठून मार्ग उलटा करायला सांगितला: आधी लंडन. पण त्या भाड्यात जवळची जागा होती ती शुक्रवारची. त्यानंतरची थेट पाच आठवड्यांनी. आणि शुक्रवारी तर पश्चिमेला शूळ. मी घरी येऊन हे सांगितले. पत्नीने माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली.

शास्त्र कठोर असले तरी निर्दय नाही. वार वाईट आणि जाणे अटळ असेल, तर आदल्या शुभ दिवशी आपली एखादी वस्तू त्या दिशेला नेऊन ठेवावी. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे मानतात. यालाच प्रस्थान ठेवणे म्हणतात. कोथरूड आमच्या पश्चिमेस. गुरुवारी सकाळी पत्नीला बरोबर घेऊन मी धूतवस्त्रात सुपारी आणि अक्षता बांधून ते गाठोडे ट्रॅव्हल ऑफिसातल्या संगणकाशेजारी ठेवले.

"काका, हे सामानाच्या वजनात धरायचं का?" बाईंनी विचारले.

"शास्त्राला वजन नसतं हो," पत्नी म्हणाली. "नाहीतर यांच्याबरोबर मी घराबाहेरच पडले नसते."

लंडनला ताई वॉकर धरून दारातच उभ्या होत्या. "काय शास्त्रीबुवा, शुक्रवारी पश्चिमेला?" त्यांनी विचारले. मी उत्तराची प्रस्तावना बांधू लागलो, तोवर दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून आत गेल्या होत्या.

पाचव्या दिवशी पत्नी माझ्याजवळ येऊन बसली.

"अहो, या तिकिटाच्या पुढच्या तारखा बदलता येतात ना?"

"तारखा बदलतात. दिशा नाही."

"दिशा राहू द्या."

मी कोथरूडला फोन लावला. "बोला काका," बाई म्हणाल्या, "कोणता वार बघू?"

"थांबा," मी म्हणालो. "ताईंना विचारून सांगतो."